सुरबानाना टिपणीस, महाडचे नगराध्यक्ष

ज्या जिल्ह्यास सन १९८१ पासून रायगड हें नांव मिळालें, त्यास पूर्वीं कुलाबा जिल्हा म्हणत. त्याच्या दक्षिण भागांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, सावित्री नदीच्या कांठीं महाड हें जुनें पेठेचें गांव आहे. तेथून वरंध घाटानें देशावर चढतां येतें, पोलादपुरावरून आंबेनळीच्या घाटानें महाबळेश्वर गांठतां येतें, आणि मोटारीचे रस्ते होण्यापूर्वीं सावित्रीच्या खाडीनें दासगांवपर्यंत जलमार्ग चालत असे. या महाडच्या म्युनिसिपालिटीचे एक अध्यक्ष सन १९२० नंतरच्या दशकांत होऊन गेले. त्यांचें नांव सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. लोक त्यांस सुरबानाना म्हणत. चवदार तळ्याची हकीकत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकिली असेल, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव तर घराघरांत ठाऊक आहे. पण तें तळें आधीं कागदावर खुलें झालें होतें, आणि ज्या संस्थेनें तें खुलें केलें तिच्या खुर्चीवर बसणारा हा गृहस्थ कोण होता, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. म्हणून त्यांचें चरित्र आज सांगावयाचें योजिलें आहे.

टिपणीस हें नांवच मुळीं दप्तरांतलें आहे. मराठ्यांच्या राज्यांत टिपणें ठेवणाऱ्या कारकुनी अधिकाऱ्यास टिपणीस म्हणत, आणि पुढें तें घराण्याचें आडनांव झालें. सुरबानाना चांद्रसेनीय कायस्थ प्रभु जातीचे. ही जात कोंकणांत लेखणीवर जगणारी, चांगली शिकलेली आणि गांवांत मान असलेली. तरी पेशवाईपासून तिलाहि वेदोक्त कर्माच्या अधिकारावरून ब्राह्मणवर्गाशीं वारंवार झगडावें लागलें होतें. या झगड्यामुळेंच कांहीं प्रभु मंडळींच्या मनांत जातीच्या उतरंडीविषयीं संशय उत्पन्न झाला, असें पुष्कळ लोक म्हणतात. तें कांहीं अंशीं खरें असेल. पण तोच झगडा अनुभवून आपल्यापेक्षां खालच्या मानलेल्या माणसास दूर लोटणारेहि त्या जातींत थोडे नव्हते. तेव्हां सुरबानाना ज्या बाजूस उभे राहिले, ती बाजू त्यांनीं स्वतः निवडली होती, असेंच म्हणणें न्यायाचें होईल.

आतां महाडच्या पाण्याविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. कोंकणांत पाऊस इतका पडतो कीं, आषाढांत नदी पेठेंत शिरते. परंतु ती सगळी संपत्ति चार महिन्यांची. डोंगर उताराचे, जमीन जांभ्याची. माघ-फाल्गुन आला कीं ओढे आटतात, विहिरींचे तळ दिसूं लागतात, आणि बायकांच्या डोक्यावरचा हंडा कोसाकोसाची वाट चालूं लागतो. अशा मुलुखांत महाड येथें गांवाच्या मध्यभागीं चार-पांच एकरांचें एक मोठें जुनें तळें आहे. त्याचें पाणी चवीचें, म्हणून त्यास चवदार तळें म्हणतात. त्याच्या चहूंबाजूंनीं म्युनिसिपालिटीचा रस्ता व रस्त्यापलीकडे वस्ती. आसपासच्या डोंगरी गांवांतून महार, चांभार वगैरे लोक सरकारी कचेरीच्या कामास, कोर्टास किंवा बाजारास महाडास येत. दिवसभर पायपीट करून आलेला माणूस त्या तळ्याच्या कांठानें चालत जाई. पण पाण्यास त्याचा हात लागतां कामा नये, असा रिवाज होता. मुसलमान व इतर धर्मांचे लोक पाणी नेत, गुरेंढोरें पाणी पीत. मनाई होती ती अस्पृश्य मानिलेल्या हिंदूंस. खेड्यांतून तर पुष्कळ ठिकाणीं ज्यांनीं धर्म बदलला त्यांचीहि विहीर बदलली नाहीं. गांव त्यांस जुन्याच जातीनें ओळखत राहिला. आमच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्या माणसांस हें निराळें सांगावयास नको.

या भागांतील अस्पृश्य समाज अगदींच मुका होता, असें मात्र कोणी समजूं नये. इंग्रजांच्या पलटणींतून नोकरी करून पेन्शन घेतलेले पुष्कळ महार दासगांव व त्याच्या आसपास राहात. महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच पलटणींतील पेन्शनर. त्यांनीं सन १८८८ त विटाळाच्या समजुतीविरुद्ध पुस्तक लिहिलें, आणि सन १८९५ त सरकारनें त्यांस महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर नेमलें, तेव्हां त्यांच्याबरोबर बसावें लागेल म्हणून इतर सभासदांत मोठी खळबळ उडाली. सन १९०० त गोपाळबाबा वारले. पण एका सार्वजनिक मंडळांत अस्पृश्य गणलेला माणूस बसल्याचें महाडानें पाहिलें होतें, आणि त्यावरून झालेला गवगवाहि पाहिला होता. सुरबानाना म्युनिसिपालिटींत आले ते अशा गांवीं.

म्युनिसिपालिटी म्हणजे काय, हें खेड्यांतील वाचकांसाठीं थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. रस्ते झाडणें, दिवे लावणें, तळीं-विहिरी राखणें, शाळा व दवाखाना चालविणें हीं तिचीं कामें. आणि त्यासाठीं घरपट्टी व इतर कर बसविण्याचा तिला अधिकार. त्या काळीं मुंबई इलाख्यांतील लहान शहरांचा हा कारभार सन १९०१ च्या कायद्यान्वयें चाले. मत देण्याचा हक्क सर्वांस नव्हता. ज्यांच्या नांवें कर किंवा मालमत्ता असे त्यांसच बहुतेक तो मिळे. सभासद ठराव मांडीत, मतें घेतलीं जात आणि बहुमतानें काम होई. अध्यक्षास मान मोठा, परंतु बहुमतापुढें त्याचें कांहीं चालत नसे. एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे सुरबानानांची अडचण आपोआप कळेल. ज्या लोकांच्या तहानेचा हा प्रश्न होता त्यांच्यापैकीं फारच थोड्यांस मत होतें. आणि ज्यांस मत होतें त्यांचीं घरें तळ्याच्या कांठीं होतीं.

मुंबईच्या कायदे कौन्सिलांत ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं एक ठराव मांडून मंजूर करून घेतला. सरकारी पैशानें बांधलेलीं किंवा सरकारनें नेमलेल्या अथवा कायद्यानें स्थापिलेल्या संस्थांच्या ताब्यांतील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, त्याचप्रमाणें शाळा, कचेऱ्या, कोर्टें व दवाखाने अस्पृश्य वर्गास मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यांत सरकारनें आपल्या खात्यांस त्याप्रमाणें वागण्यास कळविलें, आणि स्थानिक संस्थांपुढें तो विचारार्थ आला. पुष्कळ म्युनिसिपालिट्यांनीं तो कागद दप्तरांत ठेवून दिला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें तसें केलें नाहीं. ता. ५ जानेवारी १९२४ रोजीं तिनें चवदार तळें अस्पृश्यांस वापरूं देण्यास आपली हरकत नाहीं, असा ठराव केला. आणि गांवांतील सार्वजनिक जागा सर्वांस खुल्या आहेत हें धोरण सुरबानानांनीं अध्यक्ष या नात्यानें उघडपणें पुढें मांडलें.

येथें आपण थांबून विचार केला पाहिजे. ठराव झाला. पुढें काय झालें? तीन वर्षें कांहीं झालें नाहीं. तळें होतें तेथेंच होतें, रिवाज होता तसाच होता. गांवांतील वरिष्ठ वर्गाचा रोष एवढा कीं, एकाहि महाराची घागर त्या पाण्यांत बुडाली नाहीं. कोणी म्हणेल कीं अध्यक्षांनीं स्वतः चार माणसांस हातीं धरून तळ्यावर कां नेलें नाहीं? हा प्रश्न अयोग्य नाहीं. ज्याच्या हातीं अधिकार आहे त्यास असें विचारण्याचा तहानलेल्या माणसास हक्क आहे. तथापि हेंहि खरें कीं, तळ्यावर गेलेला माणूस संध्याकाळीं आपल्या खेड्यांत परत जाई. तेथें त्याचें शेत, त्याचें बलुतें, त्याच्या गुरांची वाट, सर्व दुसऱ्यांच्या हातीं असे. म्युनिसिपालिटीची हद्द महाडच्या वेशीपाशीं संपे. एकट्यादुकट्यानें पाणी पिणें म्हणजे त्या माणसाचा घात होता. हजारोंनीं एकदम जाणें, हाच त्याचा उपाय होता, आणि तो अध्यक्षाच्या हातचा नव्हता. सन १९२६ च्या ऑगस्टांत बोले यांनीं कौन्सिलांत दुसरा ठराव आणून, ज्या म्युनिसिपालिट्या हें धोरण अमलांत आणीत नाहींत त्यांची सरकारी मदत बंद करावी अशी शिफारस मंजूर करविली. त्यानेंहि महाडच्या तळ्यावर कांहीं फरक पडला नाहीं.

फरक पडला तो माणसांच्या पायांनीं. महाडजवळचेच एक महार तरुण रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या मनानें घेतलें कीं, कुलाबा जिल्ह्यांतील अस्पृश्यांची परिषद महाडास भरवावी व तिचें अध्यक्षस्थान बॅरिस्टर आंबेडकर यांस द्यावें. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं, तसेंच दासगांवकडील पेन्शनर मंडळींनीं गांवोगांव फिरून लोकांस जागें केलें. हें श्रेय त्यांचें आहे. कोणा वरिष्ठ जातीच्या गृहस्थाच्या नांवावर तें मांडूं नये. परंतु परिषदेस गांव लागतें, मंडपास जागा लागते, आणि गांवांत कोणीतरी आपला म्हणणारा लागतो. महाडची निवड झाली याचें एक कारण असें कीं, येथें सुरबानाना होते, येथील म्युनिसिपालिटीचा ठराव दप्तरांत होता, आणि अनंतराव चित्रे व सोशल सर्व्हिस लीगचे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्ते पाठीशीं होते. आंबेडकरांस महाडास येण्याचें बोलावणें करण्यांत सुरबानानांचा भाग होता.

ता. १९ व २० मार्च १९२७ हे दोन दिवस परिषद भरली. हजारों माणसें आलीं. कोणी पायीं, कोणी होडीनें, खांद्यावर घोंगडी व पदरास भाकर बांधून. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था कशी केली होती, हें ऐकण्यासारखें आहे. जवळ एवढें तळें असून परिषदेच्या चालकांनीं चाळीस रुपये देऊन स्पृश्यांकडून पाणी विकत घेतलें. ज्या गांवच्या म्युनिसिपालिटीनें तळें खुलें केल्यास तीन वर्षें झालीं, त्या गांवीं तीं माणसें पाणी विकत घेत होतीं. त्या ठरावाची किंमत यावरूनच कळते.

दुसऱ्या दिवशीं काम संपत आलें असतां, सर्वांनीं तळ्यावर जाऊन पाणी पिऊन म्युनिसिपालिटीचा ठराव अमलांत आणावा, अशी सूचना अनंतराव चित्रे यांनीं केली. मंडळी उठली. रांगा धरून, गडबड न करितां, ती भर पेठेंतून तळ्यापर्यंत गेली. आंबेडकर पायऱ्या उतरले, त्यांनीं पाण्यास हात लाविला व पाणी प्राशन केलें. मागून सर्वांनीं प्राशन केलें. तेवढें करून लोक शांतपणें मंडपाकडे परतले.

सुमारें दोन तासांनीं गांवांत अफवा उठली कीं, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार आहेत. तसा कोणाचाहि बेत नव्हता. परंतु जमाव काठ्या घेऊन धांवला, आणि मंडपांत जेवत असलेल्या, रस्त्यानें घरीं परतणाऱ्या माणसांस, बायकांपोरांसुद्धां, मारहाण झाली. कांहींनीं मुसलमानांच्या घरांत आश्रय घेऊन जीव वांचविला. जमलेल्यांत पलटणींतून लढून आलेले जुने शिपाई पुष्कळ होते. त्यांनीं मनांत आणिलें असतें तर त्या दिवशीं महाडच्या पेठेंत रक्ताचे पाट वाहिले असते. पण आंबेडकरांनीं त्यांस आवरलें, आणि त्यांनीं हात उचलला नाहीं. पुढें खटला होऊन पांच आरोपींस चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळें बाटलें म्हणून गांवच्या ब्राह्मणांकडून त्याची शुद्धि करविण्यांत आली. एकशेंआठ घागरी पाणी काढून, पंचगव्य घालून, मंत्र म्हणून तें पुनः पवित्र झालें असें ठरविण्यांत आलें.

त्यानंतर जें झालें तें सुरबानानांच्या चरित्रांतील सर्वांत कठीण प्रकरण होय. ता. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांचा ठराव मंजूर झाल्यास बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपला सन १९२४ चा ठराव रद्द केला. ज्या संस्थेचें नांव या कामीं पहिलें घेतलें जात होतें तिनेंच पाऊल मागें घेतलें. जोंपर्यंत ठराव नुसता कागद होता तोंपर्यंत सभासदांस त्याचा उपसर्ग वाटला नव्हता. सरकारास उत्तर पाठवावयास तो बरा होता. कोणी खरोखर पाणी प्याल्याबरोबर तो जड झाला. आम्हांस वाटतें, अशा ठरावांचा इतिहास बहुतेक गांवीं असाच आहे, आणि नुसता मंजूर ठराव हातीं आला म्हणून कोणीं निश्चिंत होऊं नये. चर्चच्या पंचांच्या सभेंतहि असे ठराव होतात.

अशा वेळीं पुष्कळ पुढारी काय करतात, हें आपण पाहतों. बहुमत गेलें, गांव उलटला, तर ते प्रकृतीचें निमित्त सांगून घरीं बसतात, किंवा बहुमताबरोबर वळतात. सुरबानानांनीं यांपैकीं एकहि केलें नाहीं. ते ज्या बाजूस होते त्याच बाजूस राहिले. अध्यक्षाची खुर्ची ही मुक्कामाची जागा नसून वाटेवरची पायरी आहे, असें त्यांच्या पुढच्या वर्तनावरून दिसतें.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत महाडास दुसरी परिषद व सत्याग्रह ठरला. या वेळीं मंडपास हिंदु गृहस्थांकडून जागा मिळेना. फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जमीन दिली. मुंबईहून निघालेली मंडळी जलमार्गानें दासगांवास उतरली व तेथून महाडपर्यंत पायीं चालत आली. ता. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्रीं सहस्रबुद्धे यांच्या हस्तें मनुस्मृतीचें दहन झालें. ज्यांच्या जातीस त्या ग्रंथानें सर्वांत वर बसविलें, त्याच जातीच्या माणसानें तो अग्नीस दिला. पाणी पिण्याचा बेत मात्र पुढें ढकलावा लागला. कारण थोड्याच दिवसांपूर्वीं, ता. १२ डिसेंबर रोजीं, गांवांतील कांहीं स्पृश्य गृहस्थांनीं महाडच्या दिवाणी कोर्टांत आंबेडकर व इतर यांजवर दावा लावून तळ्यावर जाण्याविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. सरकारशीं नव्हे, रूढीशीं आपला झगडा आहे, असें धरून आंबेडकरांनीं कोर्टाचा मान राखला व लोकांची समजूत घातली. ता. २७ रोजीं गांवांतून शांतपणें मिरवणूक निघून परिषद संपली.

तो दावा दहा वर्षें चालला. खेड्यांतील माणूस कोर्टाच्या नांवानें कां कांपतो, हें या एका दाव्यावरून कळेल. तात्पुरता मनाईहुकूम सन १९२८ च्या फेब्रुवारींत उठला. सन १९३१ त महाडच्या कोर्टाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूनें झाला, आणि तळें म्युनिसिपालिटीचें आहे असें त्यांत ठरलें. वादी ठाण्यास अपिलांत गेले. सन १९३३ त तेथेंहि हरले. मग मुंबईच्या हायकोर्टांत गेले. ता. १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टानें त्यांचें अपील खर्चासह फेटाळलें. अस्पृश्यांस मनाई करण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, हें वादींस सिद्ध करितां आलें नाहीं, असा निकालाचा मुद्दा होता. वहिवाट वहिवाट म्हणून जें सांगितलें जातें त्यास पुरावा मागितला, तेव्हां तो पुरा पडला नाहीं.

एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. हायकोर्टाचा हा निकाल म्युनिसिपालिटीच्या ठरावावर उभा नव्हता. तो ठराव झाला नसता, किंवा रद्द झाला नसता, तरी वादींस आपली वहिवाट सिद्ध करावीच लागली असती. मग सुरबानानांच्या ठरावानें केलें तरी काय? त्यानें एवढेंच केलें कीं, मार्च १९२७ त जेव्हां हजारों माणसें पेठेंतून चालूं लागलीं तेव्हां तीं कोणाच्या मालकींत घुसत नव्हतीं. गांवच्याच संस्थेनें दिलेला हक्क तीं बजावीत होतीं. चित्रे यांनीं सूचना मांडली तीहि त्याच आधारावर. मार खाल्लेल्या माणसास दंगेखोर ठरविणें त्यामुळें कठीण झालें. गरिबाच्या दृष्टीनें हें थोडें नाहीं.

हायकोर्टाचा निकाल लागला त्याच सुमारास सुरबानाना महाडची वेस ओलांडून मोठ्या सभागृहांत पोंचले होते. सन १९३५ च्या कायद्याप्रमाणें सन १९३७ च्या आरंभीं प्रांतिक असेंब्लीच्या निवडणुका झाल्या. आंबेडकरांनीं ऑगस्ट १९३६ त स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. हा पक्ष एका जातीचा नव्हता. कुळें, शेतमजूर व गिरणी-कामगार यांच्या हिताचा कार्यक्रम त्यानें पुढें ठेविला होता, आणि राखीव जागांखेरीज सर्वसाधारण जागांवरहि त्यानें कांहीं उमेदवार उभे केले. रत्नागिरी जिल्ह्यांत अनंतराव चित्रे व शामराव परुळेकर, आणि कुलाबा जिल्ह्यांत सुरबानाना टिपणीस हे त्या पक्षातर्फे निवडून आले. सर्वसाधारण जागा म्हणजे तेथें बहुतेक मतें स्पृश्यांचीं. तळ्यामुळें जे गृहस्थ गांवांतल्या वरिष्ठांच्या डोळ्यांत सलत होते, त्यांस दहा वर्षांनीं जिल्ह्यांतील मतदारांनीं मतें दिलीं. हें कसें झालें, याचें उत्तर खोतींत आहे.

खोती म्हणजे काय हें महाड-पोलादपूरकडील वाचकांचे आजे-पणजे चांगलें जाणत होते. गांवचा सारा सरकारांत भरण्याचा मक्ता खोताकडे असे, आणि त्या बदल्यांत तो कुळांकडून पिकाचा हिस्सा घेई. कोठें अर्धेल, म्हणजे निम्मा. कोठें तिर्धेल, म्हणजे तिसरा. शिवाय वेठ असे, आणि खोताच्या घरचीं कामें असत. पीक बुडालें तरी खोताचें मागणें बुडत नसे. आणि या कुळांत मराठे, कुणबी, आगरी, महार सगळेच होते. पाण्याच्या बाबतींत जो कुणबी महारास दूर लोटी, तोच खळ्यावर त्याच्याच शेजारीं उभा राहून आपलें भात खोताच्या मापांत जातांना पाही. याच जिल्ह्यांत अलिबागजवळ चरी येथें सन १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं शेतें न कसण्याचा जो संप केला, तो वर्षानुवर्षें चालला. त्यावरून लोक किती गांजले होते हें दिसेल. खोती मोडावी हें स्वतंत्र मजूर पक्षाचें मुख्य म्हणणें होतें. त्यामुळें स्पृश्य कुळानें त्यास मत दिलें.

ता. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं आंबेडकरांनीं असेंब्लींत खोती नाहींशी करण्याचें बिल आणिलें. सुरबानाना हे त्या पक्षाच्या बांकावर बसणारे कोंकणचे सभासद. सन १९३८ च्या जानेवारींत कोंकणांतील हजारों कुळें आगबोटींनीं व पायीं मुंबईस जमलीं व मोर्चा घेऊन कौन्सिल हॉलवर गेलीं. पेठेंतून तळ्याकडे गेलेली ती पहिली रांग ज्यांनीं पाहिली होती, त्यांस या रांगेंत कुणबी व महार एकत्र चालतांना पाहून काय वाटलें असेल, याची कल्पना करावी. बिल मात्र त्या असेंब्लींत पास झालें नाहीं. सन १९३९ च्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावरून काँग्रेसचें मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलें, आणि सभागृहाचें कामकाजच थंडावलें.

सन १९४२ त स्वतंत्र मजूर पक्षाच्या जागीं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ही संस्था स्थापन झाली. तिचें क्षेत्र नांवाप्रमाणेंच अस्पृश्य गणलेल्या वर्गापुरतें होतें. ज्या पक्षांत प्रभु, ब्राह्मण, कुणबी, महार एका बांकावर बसत, तो पक्ष अशा रीतीनें संपला. त्यावेळच्या राजकारणांत तसें करणें भाग पडलें असेल. पण कोंकणांतील कुळांच्या दृष्टीनें ती मोठी हानि झाली, असें आमचें मत आहे.

सुरबानानांस लोकांनीं दलितमित्र म्हणून गौरविलें. महाडचें तळें आज बांधीव घाटाचें व नीटनेटकें झालें असून त्यावर आंबेडकरांचा पुतळा आहे, आणि दरवर्षीं २० मार्च रोजीं तेथें दूरदूरचे लोक जमतात. खोतीच्या बाबतींत मुंबई सरकारनें सन १९४९ त कायदा केला, आणि कूळ व सरकार यांच्यामध्यें पिढ्यान् पिढ्या उभा असलेला खोत बाजूस झाला. सन १९३७ त जें बिल आणिलें होतें त्याचा हेतु असा बारा वर्षांनीं, निराळ्या सभागृहांत व निराळ्या माणसांच्या हातून, तडीस गेला.